सव्वा गुंठा आणि अडीच वर्षं

"बाबा, अलॉटमेंट मिळाली!"

लेकीचा इंग्लंडहून फोन आला तेव्हा मी साताऱ्याच्या घरी गच्चीवर शेंगा राखत बसलो होतो. अलॉटमेंट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं: सोडत, यादी, ताबा, चाव्या. त्यात चार वर्षं यादीत नाव होतं म्हणाली, म्हणजे शंकेला जागाच उरली नाही. हिने देवापुढे साखर ठेवली. मी चौकातून अर्धा किलो कंदी पेढे आणून तीन घरांत वाटले. चौथ्या घरात "किती बेडरूम?" असं विचारलं, म्हणून खात्री करायला पुन्हा फोन लावला. तेव्हा कळलं की बेडरूम नाही. हॉल नाही. भिंतीच नाहीत. कौन्सिलनं वर्षाच्या भाड्यानं भाजीपाला लावायला दिलेला जमिनीचा तुकडा, त्यावर कमरेएवढं गवत, आणि मागच्या भाडेकरूनं सोडून दिलेला एक बाथटब.

"पेढे परत मागायचे का?" हिने विचारलं.

इंग्लंडात ही जुनी चाल आहे. ज्यांच्या घरामागे जमीन नाही अशा माणसांना भाजी पिकवता यावी म्हणून १९०८ च्या कायद्यानं अशा जमिनी पुरवायची जबाबदारी तिथल्या स्थानिक संस्थांवर टाकली. दुसऱ्या महायुद्धात तर सरकारनंच लोकांना खणायला लावलं. लंडन टॉवरच्या खंदकातसुद्धा भाजीचे वाफे होते. युद्ध संपलं, वाफे राहिले. आता या जमिनींवर निवृत्त माणसं आणि तरुण आईबाप असे दोनच प्रकार दिसतात. पहिल्यांना भरपूर वेळ असतो. दुसऱ्यांना भरपूर मूल असतं.

मी भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेला भूकरमापक. चौतीस वर्षं लोकांच्या हद्दी मोजल्या. त्यामुळे माझा पहिला प्रश्न ठरलेला: क्षेत्र किती? "पाच रॉड," लेक म्हणाली. रॉड म्हणजे काय, हे ना तिला माहीत ना जावयांना. समितीच्या सेक्रेटरीबाईंनी "टेनिस कोर्टाच्या निम्मी" असं सांगितलं होतं, आणि एवढ्यावर दोन शिकलेल्या माणसांनी करारावर सह्या केल्या होत्या. मी कागद ओढला. रॉड म्हणजे साडेसोळा फूट. त्यालाच पोलही म्हणतात, पर्चही म्हणतात. एका मापाला तीन नावं. आपला गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे दोन रॉड बाय दोन रॉड. चार चौरस रॉडचा एक गुंठा, इंचाचाही फरक नाही! एकराला तिकडे १६० चौरस रॉड, इकडे ४० गुंठे. पूर्ण अलॉटमेंट दहा रॉडची धरतात, म्हणजे अडीच गुंठे. लेकीला मिळाली होती अर्धी: सव्वा गुंठा. एवढं कळल्यावर ती परकी जमीन मला एकदम सातबाऱ्यावर चढल्यासारखी वाटली.

मार्चमध्ये आम्ही दोघं सहा महिन्यांच्या व्हिसावर तिकडे पोचलो. गावाचं नाव सांगत नाही, कारण समितीला मराठी येत नसलं तरी भाषांतर करणारा फोन येतो. पहिल्याच शनिवारी लेकीनं कामं वाटून दिली. जावयांनी गवत काढायचं, तिनं वाफे करायचे, आईनं डबा करायचा.

"आणि मी?"

"तुम्ही काही करू नका बाबा. तुम्ही फक्त त्याला रमवा."

'त्याला' म्हणजे आमच्या नातवाला. वय वर्षं अडीच. नाव इंग्रजांनाही घेता यावं म्हणून दोन अक्षरी ठेवलंय. मी त्याला बाळोबा म्हणतो. आणि 'फक्त' हा शब्द मराठीत इतका खोटा कधी वापरला गेला असेल असं मला वाटत नाही.

मुलाला रमवायचं असतं हेच मला नवीन होतं. आम्हाला कुणी रमवलं नाही. कोरेगावकडच्या आमच्या रानात आंब्याच्या फांदीला झोळी बांधलेली असे. तिच्यात मावेनासं झालेलं पोर खाली घोंगडीवर ठेवत, आणि घोंगडीवरून उतरू लागलेलं पोर थोरल्या बहिणीच्या काखेत देत. रमायचं की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न होता. मुंगळे असत, ढेकळं असत, बैल असत. माझ्या आठवणीप्रमाणे मी बैलांवर रमत असे. बैलांचं मत घ्यायचं राहून गेलं.

इथे बैल नव्हते, पण सामान जय्यत होतं. पिवळ्या प्लॅस्टिकचं फावडं, लाल दाताळं, सोंडेतून पाणी सांडणारी हत्तीची झारी, साबणाचे फुगे, बेडकाचे डोळे काढलेले गमबूट. या सगळ्याच्या पैशांत वर्षभराची मंडई झाली असती. बाळोबांनी एकवार सगळ्यावर नजर फिरवली. मग माझ्याकडे पाहिलं. मी साताऱ्याहून बॅगेत कपड्यांत गुंडाळून माझं खुरपं आणलं होतं, आणि सहज म्हणून एका गवताच्या जुडीला ते लावलं होतं.

"माझं," बाळोबा म्हणाले.

बाळोबांच्या तोंडात त्या वेळी मराठीचे तीन शब्द पक्के बसले होते: माझं, नको आणि अजून. एवढ्या भांडवलावर माणूस काय काय करू शकतो, हे मी पुढचे सहा महिने पाहिलं. मी पिवळं फावडं पुढे केलं. त्यांनी ते घेतलं, बाजूच्या विटेवर आपटलं. टप्प असा आवाज आला. फावडं बाजूला पडलं. मग त्यांनी मी हातात धरलेलं खुरपं ओढून विटेवर आपटलं. ठण्ण! चेहरा उजळला. "अजून."

पोराला लोखंड कळत होतं. प्लॅस्टिकचं फावडं हे फावडं नाही, फावड्याचं चित्र आहे, हे त्याला आवाजावरून समजलं होतं. खुरपं काही देता येईना, धार होती. शेवटी लेकीच्या पेटीतून एक बोथट, लाकडी मुठीचं, जुनं पोलादी थापीसारखं हत्यार निघालं, रोपं लावायचं. तेही विटेवर आपटून तपासलं गेलं. आवाज पसंत पडला. पिवळं फावडं त्या दिवसापासून बाथटबात पडलंय. या कामात नवखे असलेल्या आजोबांना मी एवढंच सांगेन की हत्यार लहान द्या, बोथट द्या, पण खरं द्या.

मग मी मोठ्या हुशारीनं त्यांना त्यांची स्वतंत्र जमीन द्यायचं ठरवलं. चार काड्या, सुतळी, बरोबर एक मीटर बाय एक मीटर. काटकोन तपासायला कर्णसुद्धा मोजले. खात्यात असताना एवढ्या प्रेमानं मी कुणाचा पोटहिस्सा काढून दिला नव्हता. आतली माती चाळून भुसभुशीत केली. बाळोबांनी सुतळीच्या आत एक पाय ठेवला, माती दाबून पाहिली, आणि पाय उचलून बाहेर काढला. त्यानंतर ते जमिनीच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि जावयांनी नुकत्याच सारख्या केलेल्या कांद्याच्या वाफ्यात फतकल मारून बसले. सदर अर्जदार स्वतःचा हिस्सा वगळून उरलेल्या सर्व गटावर कब्जा सांगत होता.

जावई सभ्य माणूस. ते म्हणाले, "असू दे बाबा, कांदा काय, दुकानात मिळतो."

बटाट्यांची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. तिकडे बटाट्याचं बी आधी अंड्यांच्या खोक्यात, खिडकीतल्या उजेडात, डोळे वर करून मांडून ठेवतात. कोंब आले की जमिनीत जातं. गुड फ्रायडेच्या सुमारास बटाटे लावायचे अशी जुनी चाल आहे. त्या दिवशी सगळ्या अलॉटमेंटवर माणसं वाकलेली दिसतात, एखाद्या सामुदायिक पूजेसारखी. आम्ही चोवीस बटाटे लावले. बाळोबांनी प्रत्येक बटाटा हातानं खड्ड्यात ठेवला, माती लोटली, वरून थोपटलं. मी म्हटलं, "आता बटाटा गाई गाई करणार." त्यांनी ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना गप्प केलं. तासभर असा सोन्यासारखा गेला की मला वाटलं, रमवणं ते हेच, आणि ते मला जमलं.

दुसऱ्या दिवशी आलो. मी फाटकाची कडी लावेपर्यंत बाळोबा पुढे पळाले. मी पोचलो तेव्हा सहा बटाटे वर आलेले होते आणि सातव्याचं उत्खनन चालू होतं.

"अरे, हे काय?"

त्यांनी बटाटा माझ्या नाकासमोर धरला. "उठ!"

त्यांचं बरोबरच होतं. झोपलेला माणूस सकाळी उठतो. जो उठत नाही त्याला उठवावं लागतं. त्यांना स्वतःला रोज तसंच उठवतात. मी बटाटे पुन्हा पुरले. तिसऱ्या दिवशी ते पुन्हा उठले. चौथ्या दिवशी हिने तोडगा काढला. एका बादलीला खाली भोकं पाडली, माती भरली, त्यात एकच बटाटा लावला आणि जाहीर केलं, "हा बघायचा बटाटा. बाकीचे लावायचे." गंमत म्हणजे हे त्यांना पटलं. देवघरातले देव आणि खेळायच्या बाहुल्या यांत जो फरक असतो तो मुलांना सांगावा लागत नाही. पुढे रोज सकाळी पहिलं काम बादलीतला बटाटा उकरून काढणं, त्याला काहीतरी विचारणं आणि परत पुरणं. जूनच्या अखेरीस बाकीच्या तेवीस वेलांखाली पाटीभर बटाटे निघाले. बघायच्या बटाट्याखाली एक निघाला, गोटीएवढा. इतकी झोपमोड होऊनही त्यानं संसार केला, याचं मला आजही कौतुक वाटतं. बाळोबांनी तो शिजवू दिला नाही.

गांडुळांचा विभागही त्यांच्याकडेच होता. मी खणायचं, त्यांनी गोळा करायचं. प्रत्येक गांडुळाला तळहातावर घेऊन ते मान वाकडी करून पाहत. तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं हा प्रश्न त्यांना पडलेला असे आणि त्याचं उत्तर त्यांना माझ्याकडून हवं असे. चार्ल्स डार्विननं १८८१ साली गांडुळांवर एक अख्खं पुस्तक लिहिलं, हे मला शाळेत असल्यापासून माहीत आहे. त्यानं गांडुळांना ऐकू येतं का हे तपासायला घरात त्यांच्यापुढे शिट्टी वाजवली, बॅसून नावाचं भलंमोठं वाद्य वाजवलं; गांडुळं ढिम्म. मग त्यांच्या कुंड्या पियानोवर ठेवून सूर छेडला, तर कंप लागून ती सुळकन बिळात गेली. तोवर मला वाटे की हे शास्त्र आहे. बाळोबांबरोबर दोन महिने काढल्यावर माझी खात्री झाली, की त्या घरात रमवायला एखादं नातवंड असणार. चौकशी केली, तर खरंच होतं. डार्विनचा आई गेलेला एक नातू जन्मापासून आजीआजोबांजवळच वाढत होता. ज्या म्हाताऱ्याला घरात लहान पोर सांभाळायचं आहे, त्यालाच गांडुळासमोर शिट्टी वाजवायची बुद्धी होते.

मी खणू लागलो की छातीवर तांबडा डाग असलेला रॉबिन पक्षी दोन हातांवर येऊन बसायचा. त्यालाही गांडुळंच हवी असत. बाळोबा त्याला शंकरपाळं देऊ करत. रॉबिन गांडूळ घेई. शंकरपाळं मातीत पडे. मग ते मातीतलं शंकरपाळं बाळोबा खात.

मातीचं सांगतो. पहिल्या आठवड्यात लेक प्रत्येक घासाला धावत यायची. तिची आजी असती तर म्हणाली असती, कृष्णानंही खाल्ली होती. एकदा बराच वेळ गाल फुगलेला दिसला म्हणून मी म्हटलं, "आ कर बघू." यशोदेला विश्वरूप दिसलं होतं. मला अर्धी गोगलगाय दिसली. ती नुसती कवचाची होती, असं मी लेकीला सांगितलं. पूर्ण खरं काय ते मी आणि बाळोबा जाणतो.

माझी काही सगळीच बेफिकिरी नव्हती. पाण्याच्या पिंपाला झाकण आणि झाकणावर दगड, हे मी पहिल्याच दिवशी केलं. वेलांसाठी रोवलेल्या बांबूंची टोकं बरोबर आपल्या डोळ्यांशी येतात. त्यांवर दह्याचे रिकामे डबे उपडे घातले. (ते काढून गोळा करणं हे बाळोबांचं बुधवारचं काम झालं.) रुबार्ब नावाची एक भाजी तिथे सगळ्यांकडे असते. तिचे तांबडे देठ साखर घालून शिजवतात, पण पान विषारी असतं, आणि पान असतं सुपाएवढं, म्हणजे अडीच वर्षांच्या माणसाला छत्री म्हणून अगदी बेताचं. त्या कोपऱ्याला मी सुतळी बांधली आणि "हाऊ" म्हणून सांगितलं. सुतळीची महती त्यांना तोवर कळली होती, म्हणून सुतळी ओलांडून आत जायच्या आधी ते मला हाक मारत.

सगळ्यात मोठा शोध मात्र आमचा नव्हता, शेजाऱ्यांचा. आमच्या डाव्या हाताच्या जमिनीत एक म्हातारे गृहस्थ होते. ऊन असो पाऊस असो, डोक्यावर लोकरीची टोपी. तीस वर्षं तीच जमीन कसत होते. आमची ओळख झाली गोगलगायींवरून. माझी मेथी उगवून दोन पानांवर आली आणि एका रात्रीत गेली. ते कुंपणाशी येऊन हळहळले. त्यांच्याकडे बशा पुरलेल्या होत्या, बशांत बिअर. बिनकवचाच्या गोगलगायी वासानं येतात आणि बुडतात. मेथीपायी दारू विकत आणायची हे हिला मान्य नव्हतं, म्हणून तो विषय तिथेच थांबला. पण एका दुपारी बाळोबा कशावरच रमेनात. नको, नको, नको. सगळ्या अलॉटमेंटला ऐकू जाईल असा सूर लागला. टोपीवाले काही न बोलता आपल्या शेडमध्ये गेले आणि एक चार इंची, केस झडलेला, खराखुरा रंगाऱ्याचा ब्रश आणि डबाभर पाणी घेऊन आले. त्यांनी आमच्या शेडच्या फळीवर ब्रश फिरवला. कोरडी, करडी फळी एकदम गर्द काळी झाली.

बाळोबांचा श्वास थांबला.

पुढच्या पाऊण तासाइतकी शांत बसून खुरपणी मी माझ्या आयुष्यात केलेली नाही. त्यांनी हात पोचेल तिथवर शेड रंगवली. रंगवून वळतात तोवर पहिली फळी वाळून पुन्हा करडी. "अजून!" पुन्हा पहिल्यापासून. काम कधी संपत नाही, रंग कधी पुरा होत नाही, खर्च शून्य आणि माणूस सतत कामावर हजर. सरकारी नोकरीत मी असं आदर्श काम पाहिलेलं नव्हतं. अडचण एकच. ही कला उन्हावर चालते, आणि ऊन त्या देशात पाहुणं येतं. ढगाळ दिवशी फळ्या वाळत नसत. मग बाळोबा ओल्या शेडसमोर ब्रश घेऊन उभे राहत आणि माझ्याकडे पाहत, जणू वाळवणं माझ्याकडे होतं.

आता एका खुंटीचं. इथपर्यंत सांगितलं ते पाल्हाळ वाटलं असेल. प्रकरण खरं इथून सुरू होतं.

आमच्या आणि टोपीवाल्यांच्या जमिनीच्या मधोमध, रस्त्यापासून साधारण निम्म्यावर, एक जुनी लाकडी खुंटी होती. हद्दीची. तिच्या पलीकडे त्यांच्या स्ट्रॉबेरीची ओळ. मे महिन्यातली सकाळ. मी घेवड्याला बांबू बांधत होतो. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, मागे आवाज नाही. लहान मूल गप्प झालं की सुज्ञ माणसानं लगेच उठावं. मी नुकताच बसलो होतो. अखेर वळून पाहतो तर बाळोबा दोन्ही हातांनी काहीतरी छातीशी धरून तुरुतुरु चाललेत. त्यांच्या त्या पोलादी थापीनं त्यांनी खुंटी चारी बाजूंनी उकरून मुळासकट काढली होती. बुडाशी कुजलेलीच होती ती. ते गेले थेट मी मोजून दिलेल्या एक मीटर बाय एक मीटरमध्ये. दोन महिने ओसाड पडलेल्या आपल्या हिश्शाच्या बरोबर मध्यावर त्यांनी ती उभी केली, माती लोटली, थोपटली आणि हत्तीच्या झारीनं पाणी घातलं.

"माझं."

हद्दीची खूण हलवणं म्हणजे काय असतं, हे माझ्या जागी दुसरा कुणी असता तर त्याला समजलं नसतं. बांध कोरणारे मी ढिगानं पाहिलेत. भावाभावांत बोलणं बंद झालेलं पाहिलंय. पण आरोपी स्वतःच खूण काढून स्वतःच्या शेतात लावतो आणि तिला पाणी घालतो, ही केस माझ्यापुढे पहिलीच. मी खुंटी परत मागितली. नको. शंकरपाळं देऊ केलं. शंकरपाळं घेतलं, खुंटी नको.

मग म्हटलं, निदान जागा तरी पक्की करून ठेवू. जावयांची पोलादी टेप घेतली, रस्त्याकडेच्या नंबराच्या खांबापासून मोजत आलो. आकडा पाहिला. टेप गुंडाळून पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा पलीकडच्या खांबाकडून मोजलं. खुंटी जिथे होती ती जागा हद्द नव्हतीच! ती आमच्या जमिनीत पुरी दीड फूट आत होती. म्हणजे स्ट्रॉबेरीची ती अख्खी ओळ, जिच्यातल्या कच्च्या-पक्क्या स्ट्रॉबेऱ्या बाळोबा रोज खातात म्हणून मी टोपीवाल्यांची रोज माफी मागत होतो, ती आमच्या मालकीच्या मातीत उभी होती. पोरगं दोन आठवडे अतिक्रमणाचं भाडं वसूल करत होतं.

त्या रात्री मला झोप आली नाही. "सांगून टाकू का त्यांना?" मी हिला विचारलं.

"दीड फुटासाठी सातासमुद्रापार आलात का तुम्ही?" ही म्हणाली आणि कुशीवर वळली.

सकाळी टोपीवाले कुंपणाशीच भेटले. खुंटी गेल्याचं मी सांगितलं, आरोपी दाखवला. ते हसत सुटले. "थांबा," म्हणाले, आणि ओढ्याच्या कडेला जाऊन मनगटाएवढी एक सरळ, हिरवी काठी तोडून घेऊन आले. तिला टोक काढलं, हातोडा माझ्या हाती दिला आणि मोठ्या विश्वासानं म्हणाले, "तुम्ही तज्ज्ञ आहात. योग्य जागी तुम्हीच ठोका."

मी जुन्या खड्ड्यातच ठोकली. चौतीस वर्षांत पहिल्यांदा, जाणूनबुजून, चुकीच्या जागी. पंचनाम्याला बाळोबा हजर होते.

त्या दिवसापासून त्यांना दोन झाडं झाली. वाफ्यातली जुनी खुंटी ती आई आणि हद्दीवरची नवी ती बाळ. टोमॅटो वाळले तरी चालतील, मटार कोमेजले तरी चालतील, पण या दोन खुंट्यांना रोज हत्तीच्या सोंडेनं पाणी. स्ट्रॉबेरी खाऊन झाली की हात तिथेच झारीत धुवायचे आणि ते पाणी बाळाला घालायचं, असा क्रम होता. जुनीला ऑगस्टात भूछत्रं आली. बाळोबांनी ती सगळ्यांना नेऊन दाखवली. त्यांच्या दृष्टीनं पीक आलं होतं. नवीकडे मी कधी निरखून पाहिलं नाही. तिच्यावर कसलीशी हिरवी पानं दिसत, पण त्या देशात हरणवेलीसारखी एक चिवट वेल प्रत्येक उभ्या वस्तूवर चढते, तीच असणार असं मी धरलं. जुलैत समितीची पाहणी झाली. दोन बाया आणि एक वहीवाला. त्यांनी बाथटब नोंदवला, गवत नोंदवलं, बादलीतला बटाटा उकरून त्यांना दाखवण्यात आला तोही पाहिला आणि "बागकाम चालू आहे" अशी नोंद करून गेले. सप्टेंबरात आमचा व्हिसा संपला.

यंदाच्या मे महिन्यात लेकीचा व्हिडिओ कॉल आला.

"बाबा, तुम्ही ती खुंटी कसली ठोकली होती?"

"का गं? लाकडाची."

तिनं फोन फिरवला. खुंटीच्या जागी माणसाच्या उंचीचं, निमुळत्या पानांचं, वाऱ्यावर डोलणारं झाड उभं होतं. विलो. ज्याच्या क्रिकेटच्या बॅटी होतात त्याच घराण्यातलं. आपल्याकडे नदीकाठी वाळुंज असतो, त्याचा चुलतभाऊ. ओली काठी ओल्या मातीत खोचली आणि पाण्याचा खाडा पडला नाही तर ती मुळं धरते. आमच्या रानात शेवग्याच्या फांदीचं आणि पांगाऱ्याच्या मेढीचं कुंपण असंच फुटायचं. हे मला कळायला हवं होतं. पण हद्दीची खूण पालवते, ही शक्यता आमच्या कुठल्याही नमुन्यात नव्हती.

"समितीचं पत्र आलंय," लेक म्हणाली. "फळझाड सोडून दुसरं झाड लावायला परवानगी नाही. काढून टाका म्हणतात. पण ते बरोबर हद्दीवर आहे ना, म्हणून विचारलंय, झाड नक्की कुणाच्या जमिनीत आहे ते कळवा. ज्याच्या जमिनीत असेल त्यानं काढायचं. शेजारचे आजोबा म्हणतात की तुमच्या वडिलांनी स्वतः मोजून खूण ठोकलीय, त्यांनाच विचारा. सांगा बाबा. तुम्हाला आकडा पाठ असेल."

आकडा मला पाठ होता. तो सांगावा तर झाड आमचं, स्ट्रॉबेरीची ओळही आमची, आणि टोपीवाल्यांनी तीस वर्षं कोरलेला बांध चव्हाट्यावर. न सांगावा तर माझी चौतीस वर्षं खोटी. ही स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून माझ्याकडे पाहत होती.

"मी जरा जुनी टिपणं पाहतो," मी म्हणालो.

तेवढ्यात फोन खाली गेला. पडद्यावर आकाश दिसलं, मग गवत, मग बेडकाच्या डोळ्यांचे गमबूट, आता मोठ्या मापाचे. बाळोबा झाडाशी उभे होते. एका हातात हत्तीची झारी, दुसऱ्या हातानं त्यांनी खोडाला मिठी घातली होती. झाडाकडे बोट दाखवून त्यांनी मला, आईला आणि समितीला एकदाच काय ते कळवून टाकलं.

"माझं."